लॉकडाऊननंतर साईटवर कामाला स्पीडच येईना, काय करू?

साईटवाला_वाकड: मंडळी, २०२० च्या मे मध्ये श्रमिक ट्रेनने आमची बिहार-झारखंडची सेंटरिंगची (स्लॅबचा साचा बांधायची) सगळी पोरं गावी गेली, आता निम्मीच परतलीत, बाकी नवी भरती. आधी १० दिवसांत पडणारा स्लॅब आता १६ दिवस खातोय. हजेरी फुल, काम अर्धं. मुकादमावर ओरडून घसा बसला.

गवंडी_काका: अरे हजेरीवर ठेवलंस तर ते हजेरीच भरणार ना. सेंटरिंगची मजुरी चौरस फुटावर दे, सळई बांधायची टनावर. फक्त टेके (साच्याखालचे आधार) आणि कव्हर ब्लॉक (सळई साच्याला चिकटू नये म्हणून खाली ठेवायचे छोटे ठोकळे) स्वतः बघ, घाईत तिथंच कसर मारतात.

बिलिंगवाली_ताई: आधी मटेरियल वेळेवर येतं का ते बघा हो. आम्ही आठवडाभर लिहून काढलं तर लेबर रोज सकाळी दीड तास प्लायची वाट बघत बसलेली!! आणि त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या, वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो तो तुम्ही देऊ शकता. लॉकडाऊनमध्ये नोंदणीवाल्यांनाच २००० रुपये मिळाले, बाकीचे उचल मागत फिरत होते.

साईटवाला_वाकड: प्लायचं अगदी खरंय ताई, आमचा स्टोअरवालाच नऊला उगवतो 😅