मदत हवी आहे : अपंगत्व पेन्शनसाठी मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण की उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच?

माझे चुलते हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले, राहायला गडहिंग्लजला. रिलीज मेडिकल बोर्डानं (निवृत्तीवेळी तपासणी करणारं लष्करी वैद्यकीय मंडळ) उच्च रक्तदाबाचं अपंगत्व ३० टक्के, कायमस्वरूपी धरलं. पण ‘सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही’ असा शेरा मारून पेन्शन नाकारली. भरतीच्या वेळी आजाराची कसलीही नोंद नव्हती. मेडिकल बोर्डाची प्रत आमच्याकडे आहे.

पहिलं आणि दुसरं, दोन्ही अपिलं फेटाळली गेली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ‘आता सशस्त्र दल न्यायाधिकरणातच जा’ एवढंच सांगितलं. धर्मवीर सिंग (२०१३, भरतीवेळी नोंद नसेल तर आजार सेवेमुळेच धरावा) आणि राम अवतार (२०१४, अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याबद्दल) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचलेत, त्यामुळे बाजू भक्कम वाटते. अडचण मुदतीची आहे. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात अर्जासाठी अंतिम आदेशापासून सहा महिने दिलेत आणि ते उलटून गेलेत. काकांच्या आजारपणात राहून गेलं. दवाखान्याचे कागद आहेत.

एक वकील म्हणतात, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, तिथंच रिट (थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागणारी याचिका) टाकू. मला ते पटत नाही, न्यायाधिकरण असताना रिट थेट ऐकतील का? पण काकांना वारंवार मुंबईला नेणं खरंच जमणार नाही.

ज्यांनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अशी केस चालवली आहे त्यांनी सांगावं : विलंबमाफीचा अर्ज मूळ अर्जासोबतच लावायचा का, आणि अर्जदारानं प्रत्येक तारखेला हजर राहावं लागतं का?