युनियनचे फॉर्म भरले म्हणून ट्रान्सफर, काय करायचं? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला आहे, कंपनीचं नाव नको. पोरांनी युनियनचे फॉर्म भरायला घेतले आणि कुणीतरी एचआरच्या कानावर घातलं, तेव्हापासून साहेब लोक एकेकाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजतात नि गोड बोलून विचारतात सही करायला कोणी सांगितलं, जो पुढे होता त्याला सिन्नरच्या प्लांटला ट्रान्सफर, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तर सरळच सांगितलं की सही केली तर गेटपास बंद. वर आता मॅनेजमेंटच स्वतःची युनियन काढतंय, त्यात सगळे त्यांचेच लाडके!

महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात हे सगळं अनुचित कामगार प्रथांमध्ये येतं आणि 90 दिवसांच्या आत कोर्टात तक्रार टाकावी लागते एवढं वाचलंय. पण नवीन लेबर कोड आल्यावर सातपूर-अंबडमधून कुणी अशी केस टाकलीय का? आधी कामगार उपायुक्तांकडे जायचं की थेट औद्योगिक न्यायालयात? आणि ट्रान्सफर ऑर्डर घ्यायचीच नाही, की निषेध लिहून सही करायची? उद्या हजर व्हायला सांगितलंय त्याला.

कामगारांच्या बाजूने लढणारा नाशिकचा वकील माहीत असेल तर इनबॉक्समध्येच सांगा, इथे एचआरवालेपण असतीलच.