आईबाबांना जुनी जर्मन गावं दाखवायची आहेत, कुठली निवडावीत?

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा सांगलीहून आमच्याकडे माग्डेबुर्गला येत आहेत. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यामुळे जुनी लाकडी घरं असलेली गावं त्यांना बघायचीच आहेत. मला चार दिवसांची रजा आहे. रोथेनबुर्ग, बाम्बेर्ग, हायडेलबर्ग आणि वेळ उरला तर नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा, असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात आणि दोघंही शाकाहारी आहेत. झेपेल का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहावं.

उत्तर, हॅनोवरहून

नमस्कार दादा,

स्पष्टच सांगते, एवढं सगळं करू नका. निम्मे दिवस गाडीत जातील आणि काकूंचे गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतील. लाकडी घरं बघायची तर ती तुमच्या शेजारीच आहेत. हार्झ डोंगररांगेच्या पायथ्याला क्वेडलिनबुर्ग आहे. माग्डेबुर्गहून थेट रिजनल गाडी जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. दोन रात्री तिथेच राहा.

गावात अशी दोन हजारांहून जास्त घरं आहेत. १९९४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकटींत काठ्या विणून त्यावर मातीचा गिलावा. कोकणातली कुडाची भिंत पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वोर्टगासेतलं चौदाव्या शतकातलं घर आधी बघा. त्यात खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत अखंड गेले आहेत. नंतरच्या घरांत प्रत्येक मजल्याचा सांगाडा वेगळा उभा केला आणि वरचा मजला थोडा पुढे काढला. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढची प्रत्येक गल्ली वाचता येते. चालताना वरच्या मजल्याच्या आडव्या तुळईकडे बघायला सांगा. तिच्यावर बांधल्याचं साल, मालकाचं नाव, कधी बायबलातली ओळ कोरलेली असते आणि खाली अर्धगोल पंख्यासारखी नक्षी. गर्दीत धावताना हे दिसत नाही, म्हणून मी राहण्याचा एवढा आग्रह धरते आहे.

काकांसाठी इतिहासही भरपूर आहे. जर्मनांचा राजा पहिला हाइनरिश ९३६ मध्ये वारला, त्याला टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलं. त्याच वर्षी तिथे स्त्रियांचा मठ स्थापन झाला आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. मठाची प्रमुख बाई साम्राज्यातल्या सरदारांच्या पंक्तीत बसायची! पुढे नाझींनी हेच चर्च बळकावून हाइनरिशच्या नावाने स्वतःचे सोहळे केले. १९४५ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने तिथला खजिना पळवला. त्यातला बराचसा १९९० च्या दशकात परत आला.

आणि डोरोथेया एर्क्सलेबेनची गोष्ट नक्की सांगा. ती याच गावची. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच्या १३२ वर्षं आधी, १७५४ मध्ये, या बाईने हाले विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळवली. अशी पदवी घेणारी जर्मनीतली ती पहिली स्त्री. घरात मुलंबाळं होती, तरी मरेपर्यंत इथेच रुग्ण तपासत राहिली.

पूर्व जर्मनीच्या काळात यातली बरीच घरं पाडून तिथे नवी बांधायचं घाटत होतं. काही पाडलीही. बाकीच्यांसाठी पैसा पुरला नाही, म्हणून ती उरली. मला हे गाव जीवापाड आवडतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

उत्तर, न्युर्नबर्गहून

ताईंचं पटतं, पण बाम्बेर्ग यादीतून काढू नका, पुढच्या खेपेला ठेवा. नदीच्या मधोमध पुलावर उभं असलेलं जुनं टाउन हॉल दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? कॅथेड्रलमध्ये दुसऱ्या क्लेमेंट पोपची कबरही आहे. रोथेनबुर्गलाही लोक उगाच नावं ठेवतात. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग गेला होता. पुन्हा उभारणीला जगभरातून पैसा आला आणि तटावरून चालताना दगडांवर देणगीदारांची नावं वाचता येतात. फक्त दुपारच्या बसगर्दीत जाऊ नका.

क्वेडलिनबुर्गला फरसबंदी खडबडीत आहे आणि किल्ल्याचा चढ उभा आहे. काकूंना जाड तळव्याचे बूट घाला, चाकांची बॅग गल्ल्यांतून ओढू नका.

उत्तर, माग्डेबुर्गहून

ताई, दादा, मनापासून आभार. क्वेडलिनबुर्गच ठरवतो. बाबांना आनंदीबाईंचा संदर्भ फोनवर सांगितला, ते आत्तापासूनच प्रश्न विचारताहेत. आता तिकीट कुठलं काढू आणि जेवणाचं काय?

उत्तर, हॅनोवरहून

तिघांसाठी साक्सन-आनहाल्ट-टिकेट, म्हणजे तुमच्या राज्याचं तिकीट, काढा. दिवसभर चालतं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. फक्त रिजनल गाड्यांना लागू आहे आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच.

जेवणाची चिंता नको. श्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या शतावरीचा, हंगाम २४ जूनपर्यंत असतो. बटाट्यांबरोबर मागवा, हॅम नको म्हणून आधीच सांगा. अंडं चालत नसेल तर हॉलंडेज सॉसऐवजी वितळलेलं लोणी मागा. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध, फळं आणि काकूंची औषधं शनिवारीच घेऊन ठेवा.