मनू चालू लागली आणि हिरवळीचा प्रश्न

मनूची आई, ब-४०३
सर्वांना सप्रेम नमस्कार. काल संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या अंगणात, बाकापासून हिरवळीच्या कठड्यापर्यंत, मनू कोणाचेही बोट न धरता चालत गेली. तिला सोळा महिने पूर्ण झाले आहेत. गेले काही महिने लिफ्टमध्ये, दूध घेताना, भाजीवाल्यापाशी, जो भेटेल त्याने आपुलकीने "चालते का आता?" असे विचारले होते, म्हणून ही बातमी सर्वांना एकदमच कळवीत आहे.

ती आमच्याकडे येण्यासाठी चालली नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. आम्ही हात पसरून, खुळखुळा वाजवून, नावाने हाका मारून कितीतरी वेळा तिला बोलावले होते आणि प्रत्येक वेळी ती शांतपणे खाली बसून रांगत आमच्यापर्यंत आली होती. काल मात्र माळीकाकांनी कठड्यावर ठेवलेला पिवळा पाइप तिला दिसला, बाकाला धरलेला हात तिने आपणहून सोडला, दोन्ही हात खांद्यांइतके वर उचलले आणि पाय फाकवून, तोंडाने सतत काहीतरी बोलत, ती थेट तिकडे गेली. पाइपाला हात लावून झाल्यावर तिचे त्याच्याकडे लक्षही राहिले नाही. ती मागे वळली, धप्पकन बसली, उठली आणि पुन्हा चालू लागली. आता तिला कुठे जायचे नव्हते. चालण्यातच तिला इतका आनंद होत होता की ती मध्येच थांबून मोठ्याने हसत होती. तिचे बाबा त्या वेळी घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत बसमध्ये अडकले होते. ते घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरापासून दारापर्यंतच्या पॅसेजमध्ये त्यांच्यासमोर तेच सगळे करून दाखवले. ते बूट काढायचे विसरून जमिनीवर बसून राहिले होते.

आता एक विनंती. पोडियमच्या लाद्या गुळगुळीत आहेत आणि झाडांना पाणी घातल्यावर तिथे पाय सरकतो. घरातल्या लाद्यांचीही तीच गत आहे. आपली हिरवळ मऊ आहे, सपाट आहे, परंतु तिथे "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी आहे. नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना रोज थोडा वेळ अनवाणी पायांनी तिथे फिरू द्यावे, असा विचार कार्यकारिणीने करावा.

काकू, अ-७०२
अगं, किती आनंदाची बातमी दिलीस! आमच्या माहेरी मूल पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आपल्या पायांनी बाहेर आले की उंबरठ्यापाशी नारळ फोडत आणि आळीतल्या सगळ्या मुलांना खोबरे वाटत. तुमच्या दाराला उंबरठा म्हणून संगमरवराची पट्टी आहे ती पुरेशी आहे. रविवारी सकाळी नारळ मी घेऊन येते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारायची आहे. मनू जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला काखेत धरून उभे केले होते, तेव्हा ती पलंगावर एकामागून एक पावले टाकीत होती. मी तेव्हाच म्हटले होते की ही लवकर चालणार. मग पुढे ते सगळे कुठे गेले?

ब-११०४
मनःपूर्वक अभिनंदन, ताई. आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे आणि अजून चालत नाही. तो कधी रांगलाही नाही. बसल्या बसल्याच एका पायाने रेटा देत घरभर सरकतो. गावाकडून रोज फोन येतो आणि त्याच्या वयाच्या चुलतभावाशी तुलना होते. माळ्यावर एक वॉकर पडून आहे. तो काढावा का, हे डॉक्टरांनी कृपया सांगावे.

डॉक्टर, क-३०१
प्रथम मनूचे आणि तिच्या आईबाबांचे अभिनंदन. प्रश्न बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

काकू, तुम्ही जे पाहिलेत ते खरोखर घडते. नवजात बाळाला उभे धरून तळवे टेकवले की ते आपोआप पावले टाकते. साधारण दोन महिन्यांत हे दिसेनासे होते आणि पूर्वी असा समज होता की मेंदूची वाढ होताना ती क्रिया दाबली जाते. १९८४ साली एस्थर थेलन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचे पाय कोमट पाण्यात सोडले, तेव्हा त्यांची पावले पुन्हा पडू लागली. बाळाच्या मांड्या भरतात, पाय जड होतात आणि ते उचलण्याइतके बळ स्नायूंना अजून आलेले नसते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मनूची ती पावले नाहीशी झाली नव्हती. तिच्या पायांना बळ येईपर्यंत ती आपल्याला दिसत नव्हती, एवढेच.

आता ११०४ च्या प्रश्नाकडे येतो. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. सरासरी बारा महिन्यांच्या आसपास येते. लोक ती सरासरी तेवढी लक्षात ठेवतात आणि तिच्या पुढच्या प्रत्येक महिन्याला उशीर म्हणतात, हे मला फार अन्यायाचे वाटते, कारण त्या उशिराचा भार बहुतेक वेळा आईच्या डोक्यावर टाकला जातो. त्याच पाहणीत चार टक्क्यांहून थोडी अधिक मुले हातगुडघे टेकून कधी रांगलीच नाहीत आणि तरीही पुढे चालू लागली. बसून सरकणारी मुले अनेकदा थोडी उशिरा उभी राहतात. तुमचा मुलगा धरून उभा राहत असेल, दोन्ही पायांवर सारखा भार देत असेल, तुमच्याकडे पाहून हसत-बोलत असेल, तर थांबा.

वॉकर मात्र माळ्यावरच राहू द्या; खरे तर भंगारात देऊन टाका, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार नाही. त्यात बसलेले मूल पायांच्या चवड्यांवर रेटा देत पळते, त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत आणि तोल सांभाळण्याचा जो मुख्य अभ्यास आहे तोच होत नाही. मोठे माणूस धावून पोहोचण्याआधी ते जिन्याशी किंवा गॅसच्या ओट्याशी पोहोचलेले असते. कॅनडाने २००४ साली या वस्तूच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली ती अशा अपघातांमुळेच.

क-५०५
डॉक्टर, आमच्या जुळ्या मुली दोन महिने आधी जन्मल्या. त्यांचे वय कसे मोजावे?

डॉक्टर, क-३०१
जन्मतारखेपासून मोजलेल्या वयातून ते दोन महिने वजा करावेत आणि मग वरचे आकडे पाहावेत. दोन वर्षांचे होईपर्यंत असेच मोजावे.

आजोबा, अ-२०३
आमच्या लहानपणी कोकणात पांगुळगाडा असे. तीन चाकांचा, लाकडी, मुलाने मागे उभे राहून दांडा धरायचा आणि ढकलायचा. माझ्या नातवासाठी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला रंगीत गाडा अजून घरात आहे. वॉकरबद्दल वाचून आता तो मनूला देण्याचा धीर होत नाही. तोही वाईट आहे का?

डॉक्टर, क-३०१
आजोबा, त्यात आणि वॉकरमध्ये मोठा फरक आहे. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते, पूर्ण पाऊल टेकते आणि तोल गेला तर खाली बसू शकते. फक्त गुळगुळीत लादीवर गाडा पुढे निसटतो, तेव्हा एक मोठे माणूस जवळ असावे आणि गाड्यात थोडे वजन ठेवावे. तांदळाची एखादी पिशवी पुरते. मनूला तुम्ही तो खुशाल द्यावा.

मनूची आई, ब-४०३
आजोबा, आम्ही संध्याकाळी घ्यायला येऊ. डॉक्टर, एक शंका माझीही आहे. ती रांगताना किती चपळ होती! कपाटाखालचा चेंडू काढून क्षणात परत यायची. आता उभी राहून दर थोड्या वेळाने पडते, तरीही पुन्हा रांगायला तयार नाही. आणि इतके पडणे बरे का? तिची आजी प्रत्येक वेळी दचकते. ती रोज तेल लावून तिचे पाय रगडते आणि आता म्हणते की मालिश कमी पडली.

डॉक्टर, क-३०१
तुमच्या या प्रश्नावर न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर काम केले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांना खेळण्यांच्या खोलीत मोकळे सोडून त्यांची पावले मोजली होती. चालणारे मूल तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकते, सुमारे ७०० मीटर अंतर कापते आणि १७ वेळा पडते. म्हणजे मनूचे पडणे हा तिच्या शिकण्याचाच भाग आहे. अंगाने लहान असल्यामुळे ती फार उंचीवरून पडत नाही आणि बहुतेक वेळा बसल्यासारखी पडते. रांगण्यात तरबेज असलेली मुले ते सोडून चालण्याच्या मागे का लागतात, याचाही त्या अभ्यासाने विचार केला आहे. नवशिके चालणारे मूल मुरलेल्या रांगणाऱ्यापेक्षा अधिक हिंडते, अधिक लांब जाते आणि कापलेल्या अंतराच्या मानाने पाहिले तर त्याच्याहून अधिक पडतही नाही. शिवाय त्याला जमिनीऐवजी समोरची खोली दिसते आणि हात मोकळे राहतात. येत्या काही आठवड्यांत मनू घरातली प्रत्येक वस्तू उचलून तुमच्याकडे आणून देऊ लागेल. तेव्हा "अरे वा, चमचा आणलास!" असे तिच्याशी भरपूर बोला, कारण तिचे पुष्कळसे नवे शब्द या देण्याघेण्यातूनच येतील.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांची मालिश मुळीच कमी पडलेली नाही हेही सांगा. केनिया आणि जमैकासारख्या देशांत बाळांना चोळून, बसवून, उभे करून सराव देण्याची जुनी रीत आहे आणि तिथली मुले बसायला-चालायला थोडी लवकर लागतात असे आढळले आहे. उलट ताजिकिस्तानात मुलांना दिवसाचा बराच वेळ पाळण्यात बांधून ठेवतात, ती उशिरा चालतात, पण चार-पाच वर्षांची होईपर्यंत इतरांच्या बरोबरीला येतात. मालिशीने आजींच्या हाताचा स्पर्श मनूला रोज मिळतो आहे, त्याचे मोल पहिल्या पावलाच्या तारखेवर ठरवू नये.

पायांबद्दलही सांगून ठेवतो. घरात तिला अनवाणी राहू द्या. बाहेर बूट घालायचे झाले तर तळ मऊ आणि हाताने सहज वाकणारा असावा. या वयात तळवा सपाट दिसतो कारण खाली चरबीची गादी असते, कमान पुढे काही वर्षांत तयार होते. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे वाकलेले दिसणेही स्वाभाविक आहे. अठरा महिने उलटूनही मूल एकटे चालत नसेल, सतत फक्त चवड्यांवरच चालत असेल, एक पाय ओढत असेल किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरत चालले असेल, तर मात्र ग्रुपवर न विचारता थेट तपासून घ्यावे.

ब-३०३
आम्ही मनूच्या बरोबर खाली राहतो. कालपासून पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत आहे आणि त्याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. फक्त सकाळी सातच्या आधी पांगुळगाडा फिरवू नये, ही विनंती, कारण माझी रात्रपाळी असते.

मनूची आई, ब-४०३
अवश्य. गाड्याच्या चाकांना आम्ही रबराच्या पट्ट्याही लावून घेऊ.

अ-१००१
मनूला आशीर्वाद. तरीही हिरवळीबाबत माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट मांडतो. गेल्या पावसाळ्यानंतर हिरवळ पुन्हा लावण्यासाठी सर्वांच्या वर्गणीतून मोठी रक्कम खर्च झाली आहे. आज दोन वर्षांच्या मुलांना परवानगी दिली, तर उद्या दहा वर्षांची मुले क्रिकेटसाठी मागतील आणि त्यांना नाही म्हणायला आपल्याकडे कारण उरणार नाही. चालण्यासाठी कचराळी तलावाचा परिसर आहे, उपवन आहे. तिथे मुलांना न्यावे.

काकू, अ-७०२
भाऊ, हिरवळीच्या खर्चाची तुमची काळजी रास्त आहे, पण कचराळीला संध्याकाळी मोठी माणसे झपझप चालत असतात. तिथे हे लेकरू कोणाच्या पायात येईल. आणि तिथवर जायचे म्हणजे रिक्षा, रहदारी, धूळ. ज्या मुलाला आज शंभर पावले चालायची आहेत त्याच्यासाठी एवढा प्रवास कोण करणार? या वयाचे मूल दिवसातून दहा वेळा थोडे थोडे चालते. जागा त्याच्या दारापाशीच हवी. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना कारण सांगणे मला अवघड वाटत नाही. त्यांना मीच सांगेन, आणि त्यांतली निम्मी मुले याच पोडियमवर माझे बोट धरून चालायला शिकलेली आहेत.

डॉक्टर, क-३०१
काकूंशी मी सहमत आहे. दहा-बारा किलोच्या अनवाणी मुलाने गवताचे फारसे नुकसान होत नाही. उंचसखल, मऊ पृष्ठभागावर पाऊल टाकताना त्याच्या घोट्यांना आणि तळव्यांना जो सराव मिळतो, तो लादीवर मिळत नाही.

सचिव
सर्वांचे मत वाचले. अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याशी आताच फोनवर बोलणे झाले. पुढील व्यवस्था एक महिना प्रायोगिक तत्त्वावर करण्यात येत आहे. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत तीन वर्षांखालील मुलांना हिरवळीच्या पूर्वेकडील भागात अनवाणी चालता येईल. प्रत्येक मुलासोबत एक मोठी व्यक्ती असावी आणि तिनेही चपला बाहेर काढाव्यात. सायकल, चेंडू आणि खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. माळी सोमवारी कीटकनाशकाची फवारणी करणार आहेत, म्हणून सोमवार ते गुरुवार हिरवळ बंद राहील आणि शुक्रवारपासून ही वेळ सुरू होईल. यापुढे फवारणीची सूचना तीन दिवस आधी या ग्रुपवर दिली जाईल. महिन्याअखेर गवताची स्थिती अ-१००१ यांनी स्वतः पाहून अहवाल द्यावा, अशी त्यांना विनंती आहे.

अ-१००१
मान्य आहे. मी पाहीन.

ब-११०४
डॉक्टर, मुलगा सोफ्याला धरून उभा राहतो, दोन्ही पायांवर भार देतो आणि फोनवर आजीचा आवाज आला की टाळ्या वाजवतो. वॉकर आजच भंगारवाल्याला देतो. सचिवसाहेब, नियमात "चालता येईल" असे लिहिले आहे. आमचा अजून सरकतो, तर त्याला आणले तर चालेल ना?

सचिव
अवश्य आणावे. शुक्रवारी साडेपाच वाजता.