जुना विंडोज कॉम्प्युटर: सुरू होताना घुसणारे प्रोग्रॅम, व्हायरस आणि तुमचे अनुभव

माझ्याकडे विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे. मध्यंतरी बटण दाबल्यापासून माउस नीट हलायला लागेपर्यंत तो साडेसहा मिनिटं घ्यायला लागला. घड्याळ लावून मोजली. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘फॉरमॅट मार, नाहीतर नवा घे.’ पण त्यात बारा वर्षांची कामं आहेत, काही सॉफ्टवेअरच्या सीडी आता सापडत नाहीत. म्हणून आधी आत काय चाललंय ते बघायचं ठरवलं.

विंडोजची की आणि आर एकदम दाबून एमएसकॉन्फिग टाइप केलं आणि स्टार्टअपचा टॅब उघडला, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी. तेवीस नोंदी, सगळ्यांपुढे टिक. केव्हाच मोडीत काढलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, चार वेगवेगळे अपडेटर, आता वापरात नसलेला फोन जोडायचं सॉफ्टवेअर. आणि खाली एक नाव, नुसती आठ अक्षरं, अर्थ काही नाही. कंपनीच्या रकान्यात ‘अननोन’. कमांडचा रकाना ओढून रुंद केला तर पत्ता निघाला माझ्याच युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटाचा. तिथे, म्हणजे प्रोग्रॅमची माहिती ठेवायच्या त्या लपलेल्या फोल्डरमध्ये, चांगले प्रोग्रॅमही राहतात, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल लावता येत नाही. पण निरर्थक नाव, बेपत्ता कंपनी आणि हा पत्ता, तिन्ही जुळल्यावर ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली. ही साइट एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देते. त्यातल्या बहुतेकांनी तिला ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन घुसणारा घातक प्रोग्रॅम, ठरवलं.

टिक काढली, मशीन सेफ मोडमध्ये (गरजेपुरतंच विंडोज) सुरू केलं, मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण स्कॅन केला, ती फाइल गेली. बाकीच्यांपैकी चौदा नोंदी बंद केल्या, पण काहीही अनइन्स्टॉल केलं नाही. आता मशीन दोन मिनिटांत तयार होतं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. जमलं नसेल तरी लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो. फक्त विंडोज कोणतं होतं ते नक्की सांगा. विंडोज ८ पासून स्टार्टअपची यादी एमएसकॉन्फिगमधून टास्क मॅनेजरमध्ये गेली आहे आणि तिथेच बरेच जण अडतात.

* * *

विंडोज १०, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. स्टार्टअपच्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे तो किती भार टाकतो ते लिहिलेलं असतं. ‘हाय’ लिहिलेले सहा होते, त्यातले पाच बंद केले. फरक पडला, पण डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली ती चिकटलेलीच. शेवटी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. स्टार्टअप साफ करणं गरजेचं आहेच, पण डिस्कच दमलेली असेल तर त्याच्या मागे आठवडा घालवू नका.

* * *

मला सावधगिरीचा अनुभव सांगायचा आहे. आईचा लॅपटॉप हळू झाला होता. मी एमएसकॉन्फिगमध्ये ‘डिसेबल ऑल’ दाबलं, आणि स्टार्टअपवरच नाही तर सर्व्हिसेसच्या, म्हणजे विंडोजमध्ये मागे गुपचूप चालणाऱ्या कामांच्या, टॅबवरही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याची टिक आधी करायची असते, ती केली नव्हती. रीस्टार्ट केल्यावर वायफाय नाही, आवाज नाही, टचपॅडवर दोन बोटांनी वर-खाली जाता येईना. आई दुसऱ्या दिवशी त्यावरूनच महत्त्वाचा अर्ज भरणार होती. मी काय काय बंद केलं याची माझ्याकडे काहीच नोंद नव्हती. नशिबाने एमएसकॉन्फिगच्या पहिल्या टॅबवर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडलं की सगळं परत चालू होतं, हे रात्री उशिरा कळलं. त्या दिवसापासून मी एका वेळी दोन-तीनच नोंदी बंद करते आणि आधी यादीचा फोटो काढून ठेवते.

* * *

आमच्याकडे व्हायरस काढला तरी दर दोन दिवसांनी परत यायचा. अँटिव्हायरस फाइल पकडायचा, ‘साफ केली’ म्हणायचा, आणि लॉगइन केल्यावर पुन्हा तीच फाइल. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, ‘रन’ या आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून नोंद काढली तरी ती परत लिहिली जायची.

उत्तर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, होतं. तिथे एक टास्क बसवलेलं होतं. नाव अगदी साधं, एखाद्या अपडेटरसारखं, वेळ ‘कोणीही लॉगइन केल्यावर’, आणि ते डब्ल्यूस्क्रिप्ट या स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमकरवी टेम्प फोल्डरमधली एक स्क्रिप्ट चालवायचं. ती स्क्रिप्ट मूळ फाइल परत आणून ठेवायची. म्हणजे आम्ही पाणी उपसत होतो आणि नळ चालूच होता. टास्क बंद केलं, स्क्रिप्ट काढली, मग फाइल काढली. या क्रमानेच करा. नंतर पुन्हा काही आलं नाही.

ज्यांना हे सगळं एका जागी बघायचं असेल त्यांनी ऑटोरन्स वापरावं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे शेकडो ओळींच्या वीस-पंचवीस होतात. रन, स्टार्टअप फोल्डर, शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिसेस, ब्राउझरला चिकटलेले तुकडे, सगळं दिसतं. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी म्हणजे प्रकाशक कोण ते कळत नाही किंवा त्याची डिजिटल सही पटत नाही. गुलाबी दिसली की व्हायरस असं लगेच समजू नका, जुनी प्रामाणिक सॉफ्टवेअरही गुलाबी दिसतात. आणि डिलीट करू नका, टिक काढा. चुकलं तर टिक परत लावता येते.

* * *

पिवळ्या ओळीवरून आठवलं. लॉगइन केल्यावर रोज ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा छोटा चौकोन यायचा, वर ‘रनडीएलएल’ लिहिलेलं. मला वाटायचं व्हायरस अजून आहे. प्रत्यक्षात अँटिव्हायरसने फाइल काढली होती, पण तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली होती. ऑटोरन्समध्ये नेमकी तीच ओळ पिवळी होती. टिक काढली, चौकोन बंद.

* * *

पेनड्राइव्हचा अनुभव थोडा सविस्तर लिहितो, कारण तेव्हा मी फार घाबरलो होतो.

बाबा गेल्यानंतर त्यांचे सगळे फोटो आणि हाताने लिहिलेल्या डायरीची स्कॅन केलेली पानं मी एकाच पेनड्राइव्हवर ठेवली होती. एका ठिकाणी प्रिंट काढायला तो लावला. घरी आणून उघडला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण. डबल क्लिक केलं तर फोल्डर उघडायचं, त्यामुळे पहिले दोन दिवस मला संशयच आला नाही. पण तो शॉर्टकट आधी स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा आणि मग खरं फोल्डर दाखवायचा. तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरमध्येही तो शिरला होता. नंतर मी दुसरा, कोरा पेनड्राइव्ह लावला, त्यावरही शॉर्टकट.

एका जाणकाराने फोनवर पहिलं वाक्य सांगितलं, ‘फॉरमॅट करू नकोस, फोटो आतच आहेत.’ खरंच होते. त्या जंतूने फोल्डरना हिडन आणि सिस्टीम असे दोन्ही शिक्के मारले होते, आणि सिस्टीमचा शिक्का असला की नुसतं ‘हिडन फाइल्स दाखवा’ म्हणून काही दिसत नाही. त्याच्या सांगण्यावरून आधी कॉम्प्युटर साफ केला, स्टार्टअपमधली स्क्रिप्टची नोंद काढली. नाहीतर पेनड्राइव्ह लावताक्षणी परत बिघडला असता. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या ड्राइव्हवर अ‍ॅट्रिब कमांड दिली, उणे एच, उणे एस (म्हणजे हिडन आणि सिस्टीमचे शिक्के काढ), आणि आतल्या सगळ्या फोल्डरना लागू व्हावं म्हणून पुढे तिरकी रेघ देऊन एस आणि डी. काही सेकंद काहीच हललं नाही. मग खिडकीत एकेक फोल्डर यायला लागलं. डायरीचं फोल्डर चौथं होतं.

आता त्या फाइल तीन ठिकाणी आहेत. आणि ज्या ड्राइव्हवर मूळ प्रत आहे तो मी बाहेरच्या कुठल्याही मशीनला लावत नाही.

* * *

वरचा अनुभव वाचून एक्सपीचे दिवस आठवले. तेव्हा पेनड्राइव्ह लावून उघडला की ऑटोरनने आतला प्रोग्रॅम चालू व्हायचा. २००८ च्या नोव्हेंबरात आलेला कॉन्फिकर हा जंतू त्याच वाटेने आणि नेटवर्कवरूनही पसरला. मी तेव्हा प्रयोगशाळेतली मशीन सांभाळायचो. आमची खूण अशी होती, की इतर साइट उघडतात आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या मात्र उघडत नाहीत. त्याला रोखणारा अपडेट ऑक्टोबरमध्येच आला होता, आम्ही तो टाकला नव्हता. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या फाइल अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी पुन्हा तेच, अपडेट मार्चमध्ये येऊन पडलेला.

* * *

धागा काढणाऱ्यांना एक विनंती. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन कितीही साफ केलं तरी त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. माझं विंडोज ७ आता नेटला जोडलेलंच नाही, जुनं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तेवढं त्यावर चालतं. आणि ट्रोजन सापडला होता म्हणता, तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. त्याच मशीनवरून बदललेत तर नवा पासवर्डही त्याच्या हाती पडू शकतो.

* * *

माझा प्रकार साधा होता, पण बऱ्याच जणांचा असेल. स्क्रीनच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असं यायचं. तीन स्कॅनर चालवले, काही सापडेना. सापडणार कसं? कुठल्याशा साइटवर मी नोटिफिकेशनला ‘अलाउ’ दाबलं होतं आणि ती साइट ब्राउझरमार्फत ते पाठवत होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली, संपलं. त्या चौकोनातल्या ‘साफ करा’ बटणाला मात्र हात लावू नका.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून लिहितो. पासवर्ड काल रात्री बायकोच्या लॅपटॉपवरून बदलले, बँकेचा सगळ्यात आधी. टास्क शेड्युलरचा अनुभव वाचून आज सकाळी माझ्याही मशीनवर तो उघडला. मी तर समजत होतो की साफ झालंय. यादीच्या मध्यावर तीच आठ अक्षरं होती, रोज दुपारी बारा वाजता चालायला लावलेली. पुढच्या वेळेच्या रकान्यात आजची तारीख होती आणि घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टास्क बंद केलं, नेटची वायर काढली. आता ऑफलाइन स्कॅन लावलाय, चोपन्न टक्के झालाय. पूर्ण झाला की इथेच कळवतो.