मदत हवी आहे: आईच्या लघवीत ई. कोलाय जंतू निघाला, त्रास मात्र काहीच नाही. इंजेक्शनं घ्यावीत का? (नागपूर)

मीनल_मानेवाडा

नमस्कार मंडळी. लॅबमध्ये काम करणारे, डॉक्टर, नर्स कोणी इथे असतील तर कृपया वेळ काढून वाचा.

आई ७१ वर्षांची आहे. मधुमेह जुना, पण साखर गोळ्यांवर आटोक्यात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या सांगितल्या, त्यात लघवीही होती. पस सेल्स (पू-पेशी) १० ते १२ आल्या म्हणून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला लावलं. त्याचा रिपोर्ट परवा हातात पडला. ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, एशेरिकिया कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह, कॉलनी काउंट (जंतूंची संख्या) १ लाखाच्या वर. खाली औषधांची ही लांब यादी. सेफ्ट्रिअॅक्सोन, सेफिक्सीम, लेव्होफ्लॉक्सासिन या सगळ्यांपुढे 'आर', म्हणजे जंतू दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटोइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन, मेरोपेनेम यांच्यापुढे 'एस', म्हणजे चालतं.

आईने चष्मा लावून 'आर'वाल्या प्रत्येक ओळीला पेन्सिलने खूण केली. तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही. "एवढी औषधं चालत नाहीत म्हणजे मोठंच काहीतरी झालंय मला," एवढंच धरून बसली आहे.

तिला ताप नाही, जळजळ नाही, पोट-कंबर दुखत नाही. रात्री एकदा उठते, तेही कित्येक वर्षांपासून. फिटनेससाठी ज्या फिजिशियनकडे गेलो त्यांचं म्हणणं, भरती करून सात दिवस मेरोपेनेमची इंजेक्शनं देऊ, मग डोळ्याचं बघू. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, त्रास नाही तर काही करू नका. दोघंही अनुभवी आहेत. मी कोणाचं ऐकू?

आणखी एक. 'एस'पुढे आकडे आहेत. मेरोपेनेम ०.२५, अमिकासिन २, नायट्रोफ्युरँटोइन १६. मामा म्हणतो, ज्याचा आकडा सगळ्यात कमी ते औषध सगळ्यात भारी, म्हणून मेरोपेनेमच घ्या. असं असतं का?

अंबाझरीकर

ताई, भरतीच्या भानगडीत पडू नका. माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं, लेव्होफ्लॉक्सासिनच्या पाच गोळ्यांत साफ. औषधाच्या दुकानात सहज मिळते.

प्रयोगशाळेतला

अंबाझरीकर, लेव्होफ्लॉक्सासिनपुढे 'आर' आहे, ते त्यांनी वर लिहिलंय. शिवाय या गटातल्या गोळ्यांनी मधुमेहींची साखर अचानक खाली-वर होऊ शकते. कृपया असं सुचवू नका.

मीनलताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करतो, असे नमुने रोज हाताखालून जातात. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषध घ्या की घेऊ नका हे सांगणार नाही. रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. त्याआधी विचारतो: नमुना लॅबला किती वाजता पोचला? आणि मुतखडा, कॅथेटर (लघवीची नळी) असं काही?

मीनल_मानेवाडा

दोन्ही नाही. नमुना पहाटे सहा-साडेसहाला डबीत धरला. लॅबचा मुलगा साडेनवाला घेऊन गेला, त्याची पुढे अजून घरं होती. रिपोर्टवर नमुना मिळाल्याची वेळ १२:१० आहे. बर्फ वगैरे नव्हता, साधी कापडी बॅग. मेमधलं नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

प्रयोगशाळेतला

मग त्या १ लाखाच्या आकड्यावर फार विसंबू नका. लघवीचा नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा, असा नियम आहे. ई. कोलायला ऊब आणि खाद्य मिळालं की साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. उन्हात फिरलेल्या डबीत काही तासांत किती वाढ होईल याचा अंदाज तुम्हीच करा. घेताना बाहेरच्या त्वचेवरचे मोजके जंतू आले असतील, तरी आकडा फुगतो.

समजा नमुना अगदी नीट होता. तरीही जंतू सापडणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय म्हणजे रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दिसणाऱ्या आखूड काड्या. ही पद्धत हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं. या जंतूंची भिंत पातळ असते आणि तिच्याबाहेर आणखी एक चरबीयुक्त पडदा असतो. अल्कोहोलने तो पडदा विरघळतो, जांभळा रंग निघून जातो आणि शेवटी दिलेला सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग उरतो. त्या बाहेरच्या पडद्यातच एंडोटॉक्सिन असतं. हे जंतू रक्तात उतरले की थंडी वाजून ताप येतो, बीपी कोसळतं, ते त्यामुळे.

या गटात टायफॉइडचा साल्मोनेला टायफी येतो, रक्ती आवेचा शिगेला येतो, प्लेगचा येर्सिनियाही येतो. रक्तात टायफॉइडचा जंतू सापडला तर तो आजारच, उपचार लागतातच. ई. कोलायचं तसं नाही. तो तुमच्या-माझ्या आतड्यात कायमचा राहतो. थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये तो पहिल्यांदा वर्णन केला, तोही तान्ह्या बाळांच्या शी तपासताना. त्यामुळे ई. कोलाय कुठे सापडला आणि माणसाला होतंय काय, हे बघावं लागतं. सत्तरीपुढच्या बायकांत दहातल्या एकीच्या तरी लघवीत काही त्रास नसताना जंतू निघतात. मधुमेही बायकांतही साधारण तसंच. पस सेल्सही त्यासोबत बऱ्याचदा दिसतात, तेवढ्यावरून औषध सुरू करत नाहीत.

अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. लक्षणं नसतील तर मधुमेही असो वा म्हातारं माणूस, उपचार करू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. गरोदर बाई आणि मूत्रमार्गातली जखम होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया, हे ठळक अपवाद. इतर ऑपरेशनांआधी ही तपासणीच करू नये, असंही त्यात म्हटलंय.

आता 'आर'. ईएसबीएल म्हणजे पेनिसिलीन आणि सेफिक्सीम, सेफ्ट्रिअॅक्सोनच्या गटातली औषधं तोडणारं एन्झाइम. ते आहे म्हणून जंतू जास्त विषारी होत नाही, आजार जास्त गंभीर होत नाही. गरज पडली तर औषधांची निवड अवघड होते, एवढंच. आईंना हे आजच नीट समजावून सांगा, 'आर'च्या खुणा म्हणजे त्यांच्या तब्येतीचे मार्क नाहीत.

मामांचं म्हणणं बरोबर नाही. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागलेली औषधाची सर्वात कमी मात्रा. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. मेरोपेनेम १ पर्यंत 'एस', नायट्रोफ्युरँटोइन ३२ पर्यंत 'एस'. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत साठतं म्हणून मूत्राशयाच्या संसर्गात चालतं, किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गात चालत नाही.

मेरोपेनेमबद्दल मला मनापासून काळजी वाटते. रक्तात पसरलेल्या ईएसबीएल संसर्गात तेच जीव वाचवतं. गरज नसताना दिलं की आतड्यातले साधे जंतू मरतात आणि त्यालाही न जुमानणारे क्लेब्सिएलासारखे जंतू तिथे जागा धरतात. प्रतिकाराची जनुकं ते एकमेकांना देतातही. उद्या आईंना खरंच गरज पडली तर हाताशी काय राहील?

विदर्भकन्या

माझ्या बाबांना लघवीतून संसर्ग रक्तात गेला होता, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. म्हणून सांगते, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवी कमी होणं, बीपी उतरणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. तेव्हा रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेऊनच पहिलं इंजेक्शन द्यायला सांगा. तेव्हा मेरोपेनेम द्यायला मागेपुढे बघायचं नाही.

प्रयोगशाळेतला

अगदी बरोबर. हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, तेव्हा तो डॉक्टरांना दाखवता येईल.

मीनल_मानेवाडा

सगळ्यांचे खूप आभार. फिजिशियनना भेटून नमुन्याची वेळ दाखवली आणि लक्षणं एकेक करून सांगितली. ते म्हणाले, ऑपरेशन ठरलंय म्हणून धोका नको वाटला होता. आता डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू, इंजेक्शन सध्या थांबवू. आई काल पोटभर जेवली.

दोन शंका उरल्यात. नीट नमुना घेऊन परत कल्चर करू का? आणि लघवीतले जंतू डोळ्यात जाण्याची भीती असते का?

प्रयोगशाळेतला

त्रास नसेल तर परत कल्चर करण्यात अर्थ नाही. पुन्हा निघाला तरी उत्तर तेच. कधी जळजळ सुरू झाली तर जरूर करा. तेव्हा मधली धार निर्जंतुक डबीत धरा आणि डबी घरी न ठेवता स्वतः ऑटोने लगेच लॅबमध्ये पोचवा, शक्यतो ऊन चढायच्या आत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर क्वचित डोळ्यात संसर्ग होतो, पण तो बहुतेक वेळा पापण्यांवरच्या त्वचेतल्या जंतूंमुळे, आणि ते बहुधा दुसऱ्या, म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह गटातले स्टॅफिलोकॉकस असतात. म्हणूनच ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात. तुम्ही साखर आटोक्यात ठेवा, डोळ्यातून घाण येत असेल किंवा पापणीवर रांजणवाडी असेल तर आधी सर्जनना सांगा, आणि दिलेले थेंब घालण्यापूर्वी दर वेळी हात साबणाने धुवा.