मदत हवी आहे : 15 वर्षांच्या डिझेल गाडीचं इंजिन खोलावं का?

जळगाव पासिंग, 2011 ची डिझेल गाडी, 1,90,000 किमी. ऑइल 1000 किमीला अर्धा लिटर जातंय, धूर निळा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिसऱ्या सिलिंडरला 17 बार, बाकी तिघांना 26. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर काटा 24 वर चढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलीय. कूलंट घटत नाही.

मेकॅनिक हेड (इंजिनचं वरचं झाकण) न खोलताच 70,000 सांगतोय. गाडीला बाजारात 1,20,000 मिळतील. बोअर अंडाकृती झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा बसणार नाहीत, पैसे वाया जातील. आरसी नूतनीकरणही तोंडावर आहे. पत्रा मात्र खालून शाबूत आहे.

जळगाव-भुसावळकडे बोअर गेजने मोजून, मगच रिबोअरिंगचा (बोअर कापून पुन्हा गोल करण्याचा) अंदाज देणारं खात्रीचं वर्कशॉप कुठलं? की आहे तशी विकावी?